खारा वारा पडेपर्यंत

खोटं बोलायला तोंड लागतं, असं मला वाटायचं. मी मात्र चौदा दिवस, रोज पन्नास मिनिटं, तोंड मिटून एका खुर्चीत बसले आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलले.

मी हर्षदा. खारशेतच्या तिठ्यावर माझं औषधांचं दुकान आहे, त्याला सव्वीस वर्षं झाली. माझ्या तोंडाला गाव टरकून असतं. गोळी कशी घ्यायची ते मी दोनदा नीट सांगते, तिसऱ्यांदा विचारलं की ओरडते. ‘शेजारणीला गुण आला, मलाही तीच द्या’ म्हणणाऱ्याला मी सरळ दुकानाची पायरी उतरवते. चिठ्ठीशिवाय काही मागायची हिंमत इथे कुणी करत नाही. अशी मी. आणि हे माझ्याच हातून झालं.

रूपेश माझा धाकटा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आमच्या आठ गावांत पोफळीवर चढून सुपारी उतरवणारे आता चौघेच उरलेत, त्यांतला तो एक. नारळासाठी ड्रोन आले, ते वर जाऊन देठ कापतात. पण पोफळीच्या बागेत त्यांचं काही चालत नाही. झाडं हाताहातावर, शेंडे एकमेकांत घुसलेले. मागच्या वर्षी बर्वेकाकूंच्या बागेत एकाच सकाळी तीन ड्रोन झावळ्यांत अडकून खाली आले. तिथे माणूसच लागतो, आणि तोही असातसा चालत नाही. पोफळीवर चढणारा एकदा वर गेला की घड कापतो, दोराने खाली सोडतो, आणि मग खाली न उतरता शेंड्यावरूनच झाडाला झोका देतो. झाड वाकलं की शेजारची पोफळ पकडतो आणि तिच्यावर जातो. पन्नास फुटांवरून अशी अख्खी बाग तो पालथी घालतो. रूपेश ते करायचा तेव्हा मी कधी वर बघत नसे. बघवायचंच नाही.

मागच्या श्रावणात त्याला ताप आला आणि तापाबरोबर उजव्या कानाच्या आतल्या नसेला सूज आली. ताप गेला, चक्कर राहिली. अंथरुणात कूस बदलली तरी घर गरगरायचं. हा एवढा रांगडा माणूस, पल्लवीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा खांदा धरून मोरीपर्यंत जायचा. दिवाळी गेली, सुपारी पिकायला लागली, आणि तो पडवीत बसून बागांकडे बघत राहायचा. “ताई, मी खाली बसलो तर माझं काय राहिलं गो?” असं म्हणाला एकदा. मला रडूच आलं. मग मीच त्याला तालुक्याला डॉक्टर परकार मॅडमकडे नेलं. मॅडमनी तोलिन लिहून दिली.

ही गोळी काय करते ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्या कानाच्या आत तोल मोजायची सोय असते. तीन वळलेल्या बारीक नळ्या, त्यांत पाणी. डोकं वळलं की पाणी जरा मागे रेंगाळतं, आणि त्यावरून मेंदूला कळतं की आपण कुठे वळलो. एक कान आजारी पडून चुकीच्या खबरा द्यायला लागला, की दोन्ही कानांचं जमत नाही. त्यालाच आपण चक्कर म्हणतो. जुन्या गोळ्या कानाला गप्प करायच्या. त्यांनी झोप यायची, तोंडाला कोरड पडायची, आणि फार दिवस घेतल्या तर मेंदू नवा तोल शिकायचाच नाही.

तोलिन कानाला हातच लावत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. चालणं, तोल सावरणं त्याच्याकडे. तोलिन त्याला पन्नास मिनिटांपुरतं तान्ह्या बाळासारखं करते. तेवढ्या वेळात शरीर ज्या अवस्थेत असेल, त्या अवस्थेलाच तो ‘स्थिर’ म्हणायला शिकतो आणि बाकीच्या खबरा त्यावरून जुळवून घेतो. झोपेत हे शिकणं पक्कं होतं. म्हणून गोळी घेतली की बसायचं. ताठ पाठीच्या खुर्चीत, पावलं जमिनीला टेकवून, समोरच्या भिंतीवरच्या काळ्या ठिपक्याकडे बघत. एकवीस दिवस. त्या वेळात गाडी नाही, होडी नाही, झोपाळा नाही, चढणं नाही. दारूला तर शिवायचंच नाही. एखादी चुकली म्हणून दोन घ्यायच्या नाहीत. मी हे इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणेन.

इस्पितळ दोन तासांवर, म्हणून सरकारने ती खुर्ची माझ्या दुकानात दिली होती. तिच्या पायाशी एक चपटी फळी आहे. माणूस केसाएवढा डुलला तरी फळीला कळतं. त्याची रेघ निघते आणि ती मॅडमकडे जाते. रोग्याने आपला आकडा टाकायचा आणि बसायचं. फळी पाय मोजते, पण पाय कुणाचे हे काही विचारत नाही.

झोपाळ्याची गंमत तर आम्ही डोळ्यांनी बघितली होती. खुर्ची आली त्या पहिल्याच महिन्यात बर्वेकाकूंनी हट्टाने गोळी घरी नेली आणि आपल्या लाडक्या झोपाळ्यावर बसून घेतली. आठवडाभराने त्यांना पलंग हलतो असं वाटायला लागलं. झोपाळ्यावर मात्र एकदम बरं. रात्री झोपाळ्यावरच झोपायच्या, आणि काकांनी झोका देत बसायचं. गाव हसलं, मीही हसले. मॅडमनी दीड महिना खुर्चीत बसवून त्यांना परत जमिनीवर आणलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. मला सगळं माहीत होतं.

रूपेश पहिले चार दिवस शहाण्यासारखा आला, चक्कर बरीच उतरली. पाचव्या दिवशी दारातच उभा राहिला.

“ताई, दहा वाजता दव वाळतं. तेव्हाच चढायचं असतं. तुझ्याकडे येऊन, बसून, परत जाऊन दोन तास मोडतात. बर्वेकाकूंची सुपारी गळायला लागलीय.”

“मग? गळू दे.”

“मी घरी घेतो ना गोळी. पडवीत बसतो पन्नास मिनिटं, मग जातो. आजच्या दिवस तू बस ना माझ्या जागी. खुर्चीला काय, कुणाचे तरी पाय पाहिजेत.”

“रूपेश, फाजीलपणा करू नकोस.”

“आजच्या दिवस गो. बसतो म्हणतोय ना घरी.”

मी भरपूर बोलले त्याला. आणि मग त्याचा आकडा टाकून खुर्चीत बसले. लहानपणी त्याचा अभ्यास मी करून द्यायचे, मास्तरांपुढे त्याच्या वतीने मीच बोलायचे, ती सवय अंगात मुरलेली. आजचा दिवस रोजचाच झाला.

सातव्या दिवशी मी खुर्चीत होते. सव्वादहा झाले असतील. बर्वेकाकूंच्या बागेकडून हाळी आली. पोफळीवरचे एकमेकांना घालतात ती, लांबलचक. रूपेशचा आवाज मी हजार जणांत ओळखेन. म्हणजे तो घरी बसलेला नव्हता. गोळी घेऊन तो वर होता.

उठावं, पळत जावं, त्याला खाली उतरवावं, दोन मुस्काटात द्याव्यात असं सगळं मनात आलं. पण उठले असते तर रेघ तुटली असती, मॅडमचा फोन आला असता, आणि मी काय सांगितलं असतं? मी बसून राहिले. संध्याकाळी तो भेटला तेव्हा हसत होता, तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी काही विचारलं नाही.

दहाव्या दिवशी मॅडमचा फोन आला. “हर्षदाताई, तुमच्या भावाची रेघ मी विद्यार्थ्यांना दाखवतेय. इतका स्थिर रुग्ण मी बघितला नाही. सातव्या दिवशी दहा सतराला एक हिसका आहे, बाकी सरळ. औषध चांगलं मानवतंय, आपण गोळी वाढवू या. वीस मिलिग्रॅमची चाळीस करा.”

स्थिर असणारच. मी धडधाकट बाई बसले होते तिथे. मी “बरं मॅडम” म्हटलं आणि चाळीसची पाकिटं काढली.

त्यानंतर जे दिसत होतं त्याकडे मी कानाडोळा केला. रूपेश माझ्याकडे जेवायला आला तर पाटावर बसेना, खांब धरून उभ्यानेच जेवला. बोलताना पायांवर डुलायचा, होडीत उभा असल्यासारखा. पल्लवी म्हणाली, “ताई, हे हल्ली भिंतीला हात लावून चालतात. विचारलं तर अंगावर येतात.” मी तिला म्हटलं, “औषध लागू पडायला वेळ लागतो.” दुकानदार बोलतो तसं बोलले मी तिच्याशी.

अठराव्या दिवशी दुपारी साडेचारला पल्लवी धावत आली. चप्पल एकाच पायात.

“ताई, ते खाली येत नाहीयेत.”

“येईल. एखादं झाड राहिलं असेल.”

“नाही हो! दोन तास एकाच पोफळीवर बसलेत. म्हणतात जमीन हलतेय. म्हणतात, खाली पाय ठेवला तर मी बुडेन.”

दुकान उघडं टाकून मी निघाले. बर्वेकाकूंच्या बागेत जायला चिऱ्यांच्या पायऱ्यांची अरुंद पाखाडी आहे. ती मी कशी उतरले मला आठवत नाही. बागेच्या मधोमध, इतर झाडांहून जरा उंच अशा एका पोफळीच्या शेंड्याला रूपेश मिठी मारून होता. समुद्रावरून खारा वारा जोरात येत होता आणि झाड त्याच्यासकट मागेपुढे झुलत होतं. आणि तो शांत होता. मला आजही त्या शांतपणाचीच भीती वाटते.

“रूपेश! उतर खाली!”

“ताई, इथे बरं वाटतंय गो. खाली बघवत नाही. सगळी बाग लाटांवर आहे.”

“गोळी किती घेतलीस?”

“दोन,” तो वरून म्हणाला. “जेवायला उतरलो तर चालताच येईना. म्हणून अजून एक घेतली आणि परत चढलो. चढलो तसं बरं वाटलं.”

चाळीस आणि चाळीस.

काकूंनी तालुक्याला फोन केला होता. आग विझवणाऱ्यांची शिडीची गाडी निघाली, पण पाखाडीतून ती येणार कशी? माणूस उचलणारा मोठा ड्रोन पाठवतो म्हणाले, तर काकाच ओरडले, त्याच्या वाऱ्याने पोरगा झाडावरून उडेल. मी डॉक्टर मॅडमना फोन लावला आणि पल्लवीसमोर, काका-काकूंसमोर बोलायला लागले.

“मॅडम, रूपेश पन्नास फुटांवर अडकलाय. दोन गोळ्या घेतल्यात.”

“पण त्याची प्रगती तर उत्तम होती. इतका स्थिर…”

“ती माझी रेघ आहे.”

“काय?”

“खुर्चीत मी बसत होते. चौदा दिवस. तो गोळी घेऊन पोफळीवर असायचा. मला माहीत होतं.”

पल्लवीने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “म्हणजे त्याच्या लहान मेंदूने डुलणं म्हणजेच स्थिर असं शिकून घेतलंय. स्थिर जमीन त्याला खवळल्यासारखी वाटते. आणि आज दुप्पट मात्रेवर तो हे अजून पक्कं शिकलाय. हे उलटवणारं औषध माझ्याकडे नाही, हर्षदाताई. झाड डुलतंय का आत्ता?”

“हो. वारा आहे.”

“वारा कधी पडतो तुमच्याकडे?”

मी समुद्राकडे बघितलं. सूर्य खाली आला होता. “खारा वारा सूर्य टेकला की पडतो. मग रात्रीपर्यंत पान हलत नाही.”

“वारा पडला की त्याला चक्कर येईल,” मॅडम म्हणाल्या. “साधी नाही. हात-पाय कुठे आहेत तेही कळणार नाही. वारा पडायच्या आत उतरवा. आणि उतरेपर्यंत ते झाड थांबू देऊ नका.”

तासभरही नव्हता. झाड पन्नास फुटांवर हलवायचं कसं, बुंध्याला दहा जणांनी धक्के दिले तरी शेंड्याला काय कळणार? तेवढ्यात पल्लवीच पुढे झाली. “तुमचा घड सोडायचा दोर आहे ना वर?” तिने हाक मारली. “तो शेंड्याला बांधा, दुसरं टोक खाली सोडा!” मला सुचलं नसतं. रूपेशने दोर बांधला, हात थरथरत नव्हते त्याचे. दोर खाली आला.

काकांनी बंदरावर फोन केला. रूपेशचा शाळेपासूनचा मित्र विशाल वासावे आठ-दहा जणांना घेऊन आला, होडीवरचं जाळं खांद्यावर टाकून. मॅडम फोनवर होत्याच. त्यांनी समजावलं की तो खाली येईल तसं झाड कमी हलेल, शेवटच्या पंधरा फुटांत तर बुंधा हलतच नाही, आणि तिथेच तो हात सोडेल. विशालने चार पोफळींना डोक्याच्या उंचीवर जाळं बांधलं, सैल, पाळण्यासारखं हलेल असं. दोर मी धरला. विशालने मला बाजूला व्हायला सांगितलं, मी हलले नाही.

“ताई, ओढ आणि सोड. वाऱ्याच्या मेळात,” तो म्हणाला. विशाल, त्याचा एक माणूस आणि मी असे तिघं ओढायला लागलो, बाकीचे जाळ्याभोवती थांबले.

आणि वारा वेळेआधी पडला. सूर्य अजून पाण्याच्या वर बोटभर होता. आधी माडांच्या झावळ्या थांबल्या, मग बाग गप्प झाली. फक्त आमची एक पोफळ हलत होती. क्षणभर विशालचा हात घसरला, दोर ढिला पडला, झाड सरळ झालं आणि उभं राहिलं.

वरून जो आवाज आला तो माझ्या भावाचा नव्हता. जनावर ओरडतं तसा. त्याचा कोयता कमरेच्या आकडीतून निसटून माझ्यापासून हातभर अंतरावर रुतला. त्याला उलटी झाली, ती आमच्या अंगावर आली. “फिरतंय! ताई! मी उलटा झालोय!” तो एक हात सोडून हवेत काहीतरी पकडायला बघत होता.

“ओढा!” मी किंचाळले. हाताची सालटी निघाली, तरी ओढला. झाड वाकलं, सोडलं, गेलं, पुन्हा ओढलं. पाच-सहा झोक्यांनी त्याचं ओरडणं थांबलं.

“रूपेश, झोका आला की एक पाऊल खाली. थांबायचं. मग परत. ऐकतोस ना?”

“ऐकतोय.”

“ये.”

तो एकेक हात खाली येत होता, आणि जितका खाली येत होता तितका थरथरत होता. वीस फुटांवर त्याचे दात वाजायला लागले. पंधरावर त्याने डोळे मिटले आणि झाडाला इतकी घट्ट मिठी मारली की त्याला सोडवताच येईना. खाली जाळं होतं, पल्लवी आणि काकू ते दोन्ही बाजूंनी हलवत होत्या. पण त्याला उडी मारावी लागणार होती.

“हात सोड, रूपेश.”

“खाली समुद्र आहे, ताई. खरं सांग, खाली काय आहे?”

चौदा दिवस खोटी बसलेली मी. त्याने माझ्याकडे खरं मागावं!

“जाळं आहे. विशालचं. पल्लवीने धरलंय. तुला जमीन हलताना दिसतेय, पण ती हलत नाहीये, तुझं डोकं तुला फसवतंय. मीही फसवलंय. आत्ता नाही फसवत. सोड हात.”

त्याने सोडला. जाळ्यात आदळताना त्याचं मनगट मोडलं, तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. पल्लवी जाळ्याला झोके देत राहिली, कुणालाही हात लावू दिला नाही. झोक्यात तो हळूहळू शांत झाला. शिडीची गाडी पाखाडीच्या तोंडाशी पोचली तेव्हा अंधारलं होतं. जाळ्यासकट त्याला खांद्यांवर घेऊन, झुलवत झुलवत, आम्ही वर नेलं.

माझा परवाना दोन वर्षांसाठी गेला. बरोबरच झालं. दुकान आता परवाना असलेला दुसराच एक तरुण चालवतो, पण खुर्ची तिथेच आहे. रूपेशला परत जमिनीवर आणायचा एकच मार्ग आहे, बर्वेकाकूंचाच. तीच गोळी, अगदी थोडी, आणि पन्नास मिनिटं खुर्चीत. मॅडम म्हणाल्या, काकूंना दीड महिना लागला, याला सहा महिने लागतील, कदाचित लागूच पडणार नाही. बाकीचा दिवस तो घरी जाळ्याच्या पाळण्यात असतो. पल्लवी झोका देते. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. पण रोज दहाला त्याला खुर्चीत बसवायचं काम तिने मलाच सांगितलंय. “तुम्हीच करा,” म्हणाली. “तुम्हालाच करायला हवं.”

पहिले अकरा दिवस तो मुकाट बसला. म्हणजे, विशालने आणि मी धरून बसवला. बाराव्या दिवशी दारातच त्याने चौकटीला मिठी मारली. त्याला खुर्चीत बसणं म्हणजे काय होतं ते मी जाणत होते. रोज पन्नास मिनिटं तो त्या पोफळीवरून पडत होता.

“ताई, आज नाही. आज नको गो. पाया पडतो तुझ्या.”

“बस.”

“आजच्या दिवस तू बस ना माझ्या जागी. एकच दिवस. मरतोय मी.”

अगदी तेच शब्द. देवा, काय सोपं होतं ते, आकडा टाकायचा आणि बसायचं.

मी त्याची बोटं एकेक करून चौकटीवरून सोडवली. विशालने त्याला खुर्चीत टेकवला. मी जमिनीवर बसले आणि त्याची दोन्ही पावलं फळीवर दाबून धरली. तो ओरडला, रडला. आईवरून शिव्या दिल्या मला, आमच्या एकाच आईवरून. तिठ्यावरची माणसं दारात जमली. कुणीतरी म्हणालं, “सोड गं हर्षदा, किती छळशील.” पडद्यावर रेघ वेडीवाकडी वर-खाली जात होती. यंत्र दर मिनिटाला बाईच्या आवाजात सांगत होतं, रुग्ण अस्थिर आहे, रुग्ण अस्थिर आहे. ती त्याचीच रेघ होती. मी पावलं सोडली नाहीत.

पन्नास मिनिटं झाली. मी हात काढले तेव्हा माझ्या बोटांचे ठसे त्याच्या पावलांवर लाल उमटले होते. त्याचा सदरा घामाने भिजला होता. विशाल त्याला उचलायला पुढे झाला, तेव्हा रूपेशने त्याला थांबवलं. डोळे मिटलेलेच होते.

“उद्या किती वाजता?” त्याने विचारलं.

“दहाला,” मी म्हटलं. “मी येते न्यायला.”